खसखशीएवढी गोचीड आणि अर्ध्या शतकाचा वाद

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम अशी दोन शेजारी गावं आहेत. नावाचा लिंबाशी काही संबंध नाही. इंग्लंडातल्या लाइम रेजिस या बंदरावरून तिथे गेलेल्या वसाहतवाल्यांनी ते सोबत नेलं. दाट झाडी, जुनी लाकडी घरं, अंगणात उतरणारी हरणं, असा हा श्रीमंत आणि निवांत भाग. त्याचं नाव जगभर गेलं ते मात्र ‘लाइम’ याच नावाच्या एका आजारामुळे.

१९७५ मध्ये लाइममधल्या पॉली मरे या बाईंनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्या स्वतः, त्यांचा नवरा आणि मुलं कित्येक वर्षं आळीपाळीने आजारी पडत होती. कधी अंगावर चट्टे, कधी ताप, मग गुडघा टम्म सुजायचा. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, आणि काही सापडलं नाही की जे होतं तेच झालं: हा मनाचा खेळ आहे, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मरेबाईंनी वाद घातला नाही, वही घातली. कोणाला कधी काय झालं, शेजारच्या कुठल्या घरात असंच दुखणं आहे, सगळं टिपून ठेवलं. त्याच सुमारास ओल्ड लाइममधल्या आणखी एका आईनेही हीच तक्रार केली. तिच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात असल्याचं निदान झालं होतं, आणि त्याच रस्त्यावरच्या इतर मुलांनाही तेच सांगितलं गेलं होतं.

लहान मुलांचा संधिवात हा विरळा आजार. तो साथीसारखा गल्लीतून फिरत नाही. येल विद्यापीठात नुकतेच रुजू झालेले तरुण डॉक्टर अॅलन स्टीअर यांनी चौकशी सुरू केली. लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत मिळून जेमतेम १२,००० वस्ती, आणि तिच्यात ५१ रुग्ण निघाले. त्यांतली ३९ मुलं. काही रानातल्या रस्त्यांवर तर दहा मुलांमागे एकाचा सांधा सुजलेला. बहुतेकांचं दुखणं तिकडच्या उन्हाळ्यात किंवा शरदाच्या सुरुवातीला सुरू झालेलं.  घरं रानाला लागून. एकाच घरातल्या दोघांना झालं तरी वेगवेगळ्या वर्षी. म्हणजे माणसाकडून माणसाला लागण होत नव्हती. काहीतरी झाडीतून येत होतं. शिवाय सुमारे पाव रुग्णांना आठवत होतं, की सांधा सुजण्याच्या काही आठवडे आधी अंगावर एक विचित्र चट्टा उठला होता आणि तो हळूहळू पसरत गेला होता.

चट्टा युरोपात, गुडघा अमेरिकेत

हा चट्टा युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगला ठाऊक होता. स्वीडनचे आर्विड आफ्झेलियस यांनी १९०९ मध्येच तो स्टॉकहोमच्या डॉक्टरांसमोर मांडला होता, आणि गोचीड चावल्यावर तो येतो हेही सांगितलं होतं. १९२२ मध्ये फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांनी गोचीड चावल्यानंतर नसांची असह्य ठणक लागलेल्या एका रुग्णाची नोंद केली. १९५० च्या आसपास स्वीडनमध्ये या चट्ट्यावर पेनिसिलिनही दिलं जात होतं आणि गुणही येत होता. औषध आधी मिळालं आणि जंतू तीस वर्षांनी सापडला, असं वैद्यकात क्वचितच होत असेल. पण युरोपातले त्वचातज्ज्ञ चट्टा बघत होते, मज्जातंतूंचे डॉक्टर नसा बघत होते आणि अमेरिकेतले सांध्यांचे डॉक्टर गुडघा बघत होते. तिघांचे विभाग वेगळे, त्यामुळे तिघांचे आजारही वेगळे.

स्टीअर यांना सुरुवातीला विषाणूचा संशय होता. पण कनेक्टिकट नदीच्या पूर्वेकडे रुग्ण जास्त आणि पश्चिमेकडे कमी, आणि पूर्वेकडेच एका विशिष्ट जातीच्या गोचिडी जास्त, हे जुळत गेलं. गोचीड चावल्याचं आठवणाऱ्या मोजक्या रुग्णांपैकी एकाने ती गोचीड जपूनसुद्धा ठेवली होती. असे रुग्ण संशोधकाच्या नशिबात असावे लागतात.

जंतू सापडला तो १९८१ मध्ये, दुसरंच काही शोधताना. मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन या छोट्या गावी सरकारी रॉकी माउंटन प्रयोगशाळा आहे. तिथले विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी चिरून बघत होते. त्यांना हवे होते वेगळ्याच एका तापाचे जंतू. ते मिळाले नाहीत, पण आतड्याच्या तुकड्यात वळणावळणाचे, स्प्रिंगसारखे फिकट धागे दिसले. बर्गडॉर्फर मूळचे स्विस. बासेलमध्ये त्यांनी पीएचडी केली होती ती आफ्रिकेतल्या गोचिडींमधल्या असल्याच नागमोडी जिवाणूंवर. दुसऱ्या कोणाच्या नजरेतून ते धागे निसटले असते. लाइमच्या रुग्णांचं रक्तद्रव या धाग्यांवर टाकलं, तर त्यातली प्रतिपिंडं धाग्यांना जाऊन चिकटली. म्हणजे रुग्णांच्या शरीराची या जिवाणूशी आधीच गाठ पडलेली होती. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि १९८४ मध्ये जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

जंतू सापडला, औषध हाताशी होतं. कथा इथेच संपायला हवी होती. पण मजा, किंवा त्रास, इथून पुढेच आहे. या आजारात प्रत्येक गोष्ट वेळेवर अवलंबून असते. आधी तास मोजायचे, मग दिवस, मग आठवडे, मग महिने. जो तो आपापल्या ठिकाणी उभा राहून एकाच क्षणाचं चित्र बघतो आणि भांडणं लागतात.

गोचिडीचं घड्याळ

आपल्याला गोचीड माहीत असते ती गाईच्या कानामागची किंवा कुत्र्याच्या गळपट्ट्याखालची, रक्त पिऊन तट्ट फुगलेली. लाइम पसरवणाऱ्या गोचिडी वेगळ्या घराण्यातल्या. अमेरिकेच्या पूर्वेला काळ्या पायांची गोचीड, युरोपात तिची चुलत बहीण. आपल्या गोठ्यातल्या आणि घरच्या कुत्र्यांवरच्या नेहमीच्या गोचिडी हा आजार देत नाहीत.

काळ्या पायांची गोचीड साधारण दोन वर्षं जगते आणि एवढ्या काळात अवघी तीन वेळा जेवते: अळी असताना एकदा, मधल्या वयात एकदा, मोठी झाल्यावर एकदा. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ती निर्जंतुक असते. जिवाणू मिळतो तो बहुतेक वेळा पहिल्या जेवणात, पांढऱ्या पायांच्या रानउंदराकडून. उंदराला स्वतःला फारसं काही होत नाही. तो या जिवाणूचं कोठार. पुढच्या वसंतात ती मधल्या वयाची होऊन गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून बसते. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. कोणीतरी घासून जावं एवढीच तिची आशा. या वयात ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यामागे खसखशीचा दाणा बसला, तर आंघोळीत तरी कळेल का? त्यातून तिच्या लाळेत बधिरता आणणारे पदार्थ. म्हणून बहुतेक रुग्ण शपथेवर सांगतात, की मला गोचीड चावलीच नाही. ते खोटं बोलत नसतात.

आता इथली गंमत बघा. गोचीड चावली की जिवाणू लगेच अंगात शिरत नाही. तो तिच्या आतड्याच्या भिंतीला धरून झोपल्यासारखा असतो, एका विशिष्ट प्रथिनाचं पांघरूण घेऊन. गरम रक्त आतड्यात येऊ लागलं की त्याला जाग येते. तो जुनं पांघरूण टाकतो, दुसऱ्या प्रथिनाचा अंगरखा चढवतो, वाढतो, आतड्याबाहेर पडतो, लाळग्रंथीपर्यंत पोचतो आणि मग लाळेतून माणसात. या तयारीला साधारण एक ते दोन दिवस लागतात. म्हणूनच २४ तासांच्या आत गोचीड काढली तर लागण होण्याची शक्यता फार कमी.

काढायची कशी? टोकदार चिमट्याने, कातडीला अगदी लागून तोंडाशी धरायची आणि न पिरगळता सरळ वर ओढायची. रॉकेल, पेटती काडी, व्हॅसलीन यातलं काही नको. त्याने ती सुटेपर्यंत वेळ जातो, आणि चवताळलेल्या गोचिडीने पोटातलं काही आत सोडलं तर उलटंच व्हायचं. घरात चिमटा नसेल तर भुवया कोरायचा चालतो.

हरणांचा दोष किती? हरणाच्या अंगात हा जिवाणू टिकत नाही. पण मोठ्या गोचिडी हरणावर चरतात, तिथेच जोड्या जमतात, आणि मग अंडी. म्हणजे जंतू उंदराचा आणि लेकुरवाळ्या गोचिडींची खानावळ हरणाची. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमधली जंगलं शेतीसाठी तोडली गेली होती, तेव्हा हरणं जवळजवळ नाहीशी झाली होती. विसाव्या शतकात शेतं ओस पडली, झाडी परत आली, हरणं आली, त्यांना खाणारे लांडगे मात्र आले नाहीत. आणि त्याच झाडीत माणसांनी हौसेने बंगले बांधले. जिवाणू नवा नव्हता. त्याची जनुकं सांगतात की तो उत्तर अमेरिकेत हजारो वर्षांपासून आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या अवशेषांतही बोरेलियाच्या डीएनएच्या खुणा मिळाल्या आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुक इथल्या पर्यावरण संशोधकांनी तर साखळी पार ओकच्या फळांपर्यंत नेली. ज्या वर्षी ओकला भरघोस फळं धरतात, त्याच्या पुढच्या वर्षी उंदीर माजतात, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी लागण झालेल्या गोचिडी वाढतात. उलट कॅलिफोर्नियात एक सरडा आहे, ज्याच्या रक्तातच असं काही आहे की त्याला चावलेल्या गोचिडीच्या पोटातला बोरेलिया मरून जातो. पश्चिम किनाऱ्यावर लाइम कमी आहे, त्याचं एक कारण हा सरडा मानला जातो.

तपासणी नेमकं काय बघते

चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याभरात, चावल्या जागी चट्टा उठतो आणि रोज थोडा पसरतो. ७० ते ८० टक्के रुग्णांमध्ये तो येतो. सहसा खाजत नाही, दुखत नाही. नेमबाजीच्या चकतीसारखी वर्तुळं असलेला चट्टा सगळ्या चित्रांत असतो, पण प्रत्यक्षात पुष्कळांचा चट्टा नुसताच एकरंगी, पसरट असतो.

आपल्या लोकांसाठी इथे एक अडचण आहे. पुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीवरचे, त्यामुळे सगळे लाल रंग शोधतात. सावळ्या अंगावर हाच चट्टा तपकिरी, जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स ही लाइमची मोठी ठाणी, आणि मराठी कुटुंबांचीही. तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी रंग बघू नये. तो रोज पसरतोय का हे बघावं. पेनाने कड आखून ठेवली तर दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं.

चट्टा स्पष्ट असेल आणि माणूस लाइमच्या भागात राहात किंवा फिरून आलेला असेल, तर रक्त तपासायची गरजच नसते, थेट औषध सुरू करतात. हे अनेकांना पटत नाही. तपासणी न करता औषध म्हणजे डॉक्टर अंदाजपंचे करतोय, असं वाटतं. पण या वेळी तपासणी केली तर ती बहुधा नकारार्थी येते, कारण ती जंतू शोधतच नाही. रक्तात बोरेलिया फार थोडे, फार थोडा काळ असतात. प्रयोगशाळेत वाढवायला गेलं तर त्यांचा स्वभाव संथ, त्यामुळे त्यात कैक दिवस जातात. म्हणून तपासणी शोधते ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने जंतूला ओळखून बनवलेली उत्तरं. ती पुरेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात.

आणि एकदा तयार झाली की लवकर जात नाहीत. औषधाने माणूस खडखडीत बरा झाला तरी पुढे काही वर्षं तपासणी होकारार्थी येऊ शकते. आजार आहे तेव्हा ‘नाही’ आणि आजार गेला तरी ‘हो’. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी. चूक आपल्या प्रश्नात असते. पोस्टमन पत्र टाकून गेलाय का हे तपासायचं, आणि पेटीत मागच्या वर्षीचीही पत्रं तशीच, असा हा प्रकार.

ही तपासणी दोन पायऱ्यांची असते. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे १९९४ मध्ये भरलेल्या परिषदेत ती ठरली. पहिली चाचणी चाळणीसारखी, थोडा संशय आला तरी अडवणारी. तिच्यात अडकलेल्यांची दुसरी चाचणी, वेस्टर्न ब्लॉट. तिच्यात जिवाणूची प्रथिनं पट्ट्यांसारखी वेगळी केलेली असतात आणि रुग्णाची प्रतिपिंडं कोणकोणत्या पट्टीला चिकटतात ते बघतात. जुन्या लागणीसाठी दहापैकी निदान पाच पट्ट्या उमटायला हव्यात. पाचच का, चार का नाहीत, यावर रुग्ण संघटनांनी भरपूर रान उठवलं. कारण साधं आहे: यातल्या काही पट्ट्या निरोगी माणसांतही उमटतात, तोंडातल्या साध्या नागमोडी जिवाणूंमुळेसुद्धा. एक-दोन पट्ट्यांवर ‘लाइम’ ठरवायचं म्हटलं तर निम्मा गाव रुग्ण होईल. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसरी साधी चाचणी वापरायलाही परवानगी मिळाली. ती लवकरच्या टप्प्यात थोडं जास्त पकडते.

आता एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते, माझ्या मनातले. एका गावात हजार थकलेल्या, अंग दुखणाऱ्या माणसांनी तपासणी केली. त्यांतल्या पाच जणांनाच खरोखर लाइम आहे. चाचणी उत्तम आहे, निरोगी माणसाला चुकून रुग्ण ठरवण्याचं प्रमाण शंभरात फक्त दोन. म्हणजे उरलेल्या ९९५ पैकी सुमारे २० जण खोटे होकारार्थी. पंचवीस जणांच्या हातात ‘हो’ असा कागद, आणि आजार पाचच जणांना. चाचणी तीच, पण हेच गाव कनेक्टिकटमध्ये असतं आणि खरे रुग्ण दोनशे असते, तर त्याच कागदावर विश्वास ठेवता आला असता. आजार जिथे आढळतच नाही तिथे ही चाचणी ‘सगळं एकदा बघून घेऊ’ म्हणून करणं म्हणजे विकतची काळजी.

दोन आठवड्यांचं औषध, आणि नंतरची वर्षं

चट्ट्याच्या टप्प्यावर उपाय सोपा आहे. डॉक्सिसायक्लिन सुमारे दहा दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन दोन आठवडे. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. हे वाक्य मुद्दाम अधोरेखित करावंसं वाटतं, कारण इंटरनेटवर वाचणाऱ्याला उलटंच वाटू शकतं.

वेळेत औषध मिळालं नाही तर जिवाणू अंगभर पसरतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, मेंदूच्या आवरणाला सूज येते, हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग बिघडते. हृदयाचं प्रमाण शंभरात एखादं, पण दुर्लक्ष झालं तर जिवावर बेतू शकतं. काही महिन्यांनी सांधा सुजतो, बहुतेकदा एकच गुडघा, दुखण्याच्या मानाने सूज फार मोठी. तेव्हा औषध महिनाभर, कधी शिरेतून. तोंडाने किंवा शिरेतून प्रतिजैविकं देऊनही काहींचा गुडघा महिनोन्‌महिने सुजलेलाच राहतो; तेव्हा मात्र आणखी प्रतिजैविकं देत नाहीत, संधिवाताची औषधं देतात. जंतू गेलेला असतो, सुरू राहिलेली असते ती शरीराची लढाई.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमसाठी उपचार होतात, असा सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांना औषध पुरं झाल्यावरही सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा, अंगदुखी, काही सुचेनासं होणं असा त्रास राहतो. वाद पेटतो तो या लोकांवरून.

एका बाजूचं म्हणणं: जिवाणू कुठेतरी दडून बसलाय, म्हणून महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं प्रतिजैविकं हवीत. दुसऱ्या बाजूने हे तपासून पाहिलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना महिनाभर शिरेतून आणि दोन महिने तोंडाने औषध दिलं, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारं पण औषध नसलेलं. दोन्ही गटांत फरक पडला नाही, आणि चाचणी मध्येच थांबवली गेली. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर बारा आठवड्यांची अशीच चाचणी झाली. पुन्हा तेच. मधल्या काळातल्या एक-दोन चाचण्यांत थकव्यावर थोडा फायदा दिसला, पण तो टिकला नाही, किंवा शिरेत ठेवलेल्या नळीतून झालेल्या जंतुसंसर्गाने पदरी जास्त नुकसान पडलं.

एखाद्या आजाराची मार्गदर्शक तत्त्वं सरकारी वकिलाच्या टेबलावर जातात, हे लाइमच्याच बाबतीत झालं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लांबलचक प्रतिजैविकं नकोत असं लिहिलं. कनेक्टिकटचे तेव्हाचे महाधिवक्ता रिचर्ड ब्लुमेंथॉल यांनी लेखकांच्या हितसंबंधांची चौकशी लावली. २००८ मध्ये समझोता झाला, नवी समिती नेमली, आणि २०१० मध्ये त्या समितीने जुन्या ६९ च्या ६९ शिफारशी कायम केल्या. तरीही वाद मिटला नाही. कारण रुग्णाचं दुखणं समितीच्या मतदानाने थांबत नाही.

मला स्वतःला या भांडणात दोन्हीकडे थोडं खरं दिसतं. डॉक्टरांनी ‘तुमच्या मनाचं आहे’ म्हणण्याची चूक पॉली मरेंच्या वेळी केली होती आणि मरेबाई बरोबर निघाल्या. पुढच्या रुग्णांचा राग तिथून आलेला आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्रास खरा आहे म्हणून कारणाबद्दलचा तर्कही खरा, असं होत नाही. ‘जुनाट लाइम’ या पाटीखाली महागडी इंजेक्शनं, तपासण्या आणि काढे विकणाऱ्यांचा धंदा नेमका या फटीत वाढला.

मग हा त्रास कशामुळे? इथे संशोधन आज सर्वात जिवंत आहे. बोरेलिया वाढताना आपल्या भिंतीचे तुकडे आजूबाजूला टाकत जातो. इतर जिवाणू ते पुन्हा वापरतात, याला ते जमत नाही. ब्रँडन जट्रस यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की लाइमच्या सांधेदुखीच्या रुग्णांच्या गुडघ्यातल्या पाण्यात हे तुकडे उपचारांनंतरही सापडतात. चोर पळाला, पण त्याने फोडलेल्या भिंतीचा राडारोडा पडून राहिला आणि पहारेकरी अजून त्यावरच लाठ्या चालवताहेत, असं काहीसं. दुसरी शक्यता अशी, की काहींची प्रतिकारशक्ती भरकटून स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्यात अनुवंशाचाही वाटा दिसतो. तिसरा मार्ग नव्या, नेमक्या औषधांचा. डॉक्सिसायक्लिन आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही झोडपतं. बॉस्टनमध्ये किम लुइस यांच्या गटाने १९५३ पासून माहीत असलेलं आणि कमजोर म्हणून अडगळीत पडलेलं हायग्रोमायसिन-ए पुन्हा तपासलं. ते इतर जिवाणूंवर फिकं पडतं, बोरेलियाला मात्र मारतं. २०२५ मध्ये जट्रस यांच्या गटाने पिपरॅसिलिन या जुन्याच औषधाच्या अगदी लहान मात्रेने उंदरांतला लाइम बरा होतो असं दाखवलं. दोन्ही निकाल उंदरांमधले आहेत. उंदीर बरा होणं आणि माणूस बरा होणं यात बरंच अंतर असतं.

लशीची गोष्ट तर हळहळ वाटायला लावणारी. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘लाइमरिक्स’ लशीला परवानगी मिळाली. तिची युक्ती सुंदर होती. ती माणसाच्या अंगातल्या जिवाणूशी लढतच नव्हती. आठवतं, गोचिडीच्या पोटात झोपलेला जिवाणू एका प्रथिनाचं पांघरूण घेऊन असतो? लस त्याच पांघरुणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची. गोचीड लस घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायली, की ती प्रतिपिंडं तिच्या पोटात जाऊन जिवाणूला तिथेच मारायची, तो बाहेर पडायच्या आत. तीन डोसनंतर ७६ टक्के संरक्षण. पण या लशीने संधिवात होतो अशी शंका पसरली, खटले उभे राहिले. तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही, तरी मागणी ढासळली आणि २००२ मध्ये कंपनीने लस मागे घेतली. त्यानंतर वीस वर्षं अमेरिकेत लाइमची लस होती, पण फक्त कुत्र्यांसाठी. २०२२ मध्ये त्याच युक्तीवर आधारलेल्या नव्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अमेरिका, कॅनडा आणि युरोपात सुरू झाली.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात आणि गोव्यात गोचिडींपासून खरी भीती आहे ती वेगळ्या आजाराची. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये ओळखला गेलेला क्यासनूरचा ताप, ज्याला सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६-१७ मध्ये दोडामार्ग, बांदा भागात दिसला. काजूच्या हंगामात बागेत आणि रानात राबणारी माणसं त्याला बळी पडली. तो विषाणूचा आजार आहे, त्यामुळे लाइमची गोळी त्याला लागू नाही, आणि तिथे ‘एका दिवसाच्या आत गोचीड काढली तर चालतं’ हा हिशोबही धरू नये. रानात माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं.

लाइम आपल्याकडे येतो तो विमानाने. एप्रिल-मेमध्ये आईवडील मुलाकडे न्यू जर्सीला जातात, नातवंडांबरोबर बागेत, तळ्याकाठी, ट्रेलवर फिरतात, दिवाळीच्या आधी परत येतात. डिसेंबरात आईचा एक गुडघा सुजतो. वय सत्तर, सगळे म्हणतात झीज झाली. गोचीड कोणाला आठवत नाही, चट्टा पाठीवर असेल तर दिसलाच नाही. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या डॉक्टरला लाइम सुचण्याचं कारणच नाही. तेव्हा केसपेपरवर ‘उन्हाळ्यात चार महिने न्यू जर्सीला होते’ एवढं एक वाक्य घालून घ्यावं. एव्हाना प्रतिपिंडं तयार झालेली असतात, आणि अशा वेळी केलेली दोन पायऱ्यांची तपासणी सहसा फसवत नाही.